‘गुण आला’ म्हणजे काय? कर्करोगाच्या पथ्याचा मजकूर वाचताना

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या घरात भाकर बंद झाली. रोहण्यासारख्या गावात, जिथे पाहुण्याला पहिला प्रश्न ‘जेवले का?’ हा असतो, तिथे ही साधी गोष्ट नव्हे. माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, गालाच्या आतल्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन घरी आला होता. पुढे किरणोपचार चालू होणार होते. वहिनीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळा ठोकून एक झेरॉक्स कागद अडकवला. पहाटे पाचला कोमट पाण्यात लिंबू. सहाला कच्च्या हळदीचा तुकडा. मग कडुनिंब, तुळस, गव्हांकुराचा रस, दुपारी उकडलेली भाजी आणि मूठभर बदाम. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ, दूध, गूळ, साखर यांवर काट. संध्याकाळी साडेसहानंतर तोंडात काही घालायचे नाही. तळाशी जाड अक्षरांत लिहिले होते, ‘कॅन्सरला उपाशी मारा.’

हा कागद कोणी दिला ते सांगण्यात अर्थ नाही. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण दादाला तो वाचून दाखवला मी. त्याचा चष्मा सापडत नव्हता, आणि घरातला ‘वाचणारा’ म्हणून माझी ख्याती. मी बारावीनंतर कॉलेजात गेलो नाही, पण गेली तीस वर्षे जुन्या आरोग्य-पुस्तिका, पंचांगांतली औषधांची पाने, आश्रमांची पत्रके जमवतो आहे. एवढे असून तो कागद मी वर्तमानपत्र वाचावे तसा सरळ वाचून टाकला. त्यातल्या एकाही वाक्यावर अडलो नाही. पुढे जे झाले त्यानंतर तोच कागद मी पुन्हा वाचायला घेतला, या वेळी कवितेची ओळ वाचावी तसा. आपण कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करतो. ज्या मजकुरावरून घराघरांत चूल पेटते किंवा विझते, त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की या कागदाला अवयव माहीत नाही. तो फक्त ‘कॅन्सर’ म्हणतो, एकवचनात. गर्भाशयाचा, रक्ताचा, आतड्याचा, तोंडाचा, सगळ्यांना एकच वेळापत्रक. दादाच्या तोंडात किरणोपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात फोड आले, लाळ आटली, जीभ सोलल्यासारखी झाली. त्या तोंडात पहाटे लिंबू आणि कच्ची हळद! तो डोळे मिटून घ्यायचा आणि गिळायचा. वहिनी म्हणायची, “झोंबते म्हणजे लागू होऊन राह्यलं.” झोंबणे हा औषध लागू पडल्याचा पुरावा, ही समजूत आपल्याकडे आयोडीनच्या बाटलीइतकी जुनी असावी.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. कागदावर साखरेचा उल्लेख सहा वेळा आहे, खर्ऱ्याचा एकदाही नाही. दादाने तीस वर्षे खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून दिलेली पुडी वर्धा, यवतमाळ, नागपूर या पट्ट्यात कुठल्याही पानठेल्यावर मिळते. सुपारी आणि तंबाखू या दोन्हींमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे ठरून गेलेले आहे. आमच्या घरापासून चाळीस पावलांवर पानठेला आहे. त्याला वळसा घालून हा मजकूर थेट ज्वारीच्या डब्यावर जाऊन बसतो.

आता या कागदाच्या वंशावळीकडे वळू. त्याचा सर्वांत जवळचा पूर्वज लेखी नाही, बोललेला आहे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेऊन सांगितले की त्यांच्या पत्नी, ज्या स्वतः डॉक्टर आहेत, चौथ्या टप्प्याच्या कर्करोगातून बाहेर आल्या आहेत. लिंबूपाणी, कच्ची हळद, व्हिनेगर, कडुनिंब, तुळस. साखर आणि कर्बोदके बंद. जेवणांमध्ये मोठे अंतर. दोनच दिवसांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्यांचे निवेदन काढले. असल्या आहाराने कर्करोग बरा होतो याला आधार नाही आणि कोणी उपचार लांबवू नयेत, असा त्याचा आशय होता. त्यानंतर सिद्धूंनीही खुलासा केला, की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांच्या जोडीला होता.

मला यात रस आहे तो निवेदनतंत्राचा. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. हे लपवलेले नव्हते. पण गोष्ट सांगताना कोणती घटना मुख्य वाक्यात येते आणि कोणती ‘त्याशिवाय’ या शब्दाआड जाते, यावर ऐकणाऱ्याच्या मनातला नायक ठरतो. इथे नायक लिंबू ठरले. मोबाइलवरून आमच्या गावात पोचेपर्यंत शस्त्रक्रिया गळाली, केमो गळाली आणि लिंबू उरले. खुलासा तर रोहण्यापर्यंत आलाच नाही. खुलाशाला वेळापत्रक नसते, तो भिंतीवर टांगता येत नाही.

शिवाय आमच्याकडे जमीन आधीच नांगरलेली होती. काटोलकडचे श्रीकांत जिचकार यांनी इन्शुलिन आणि खाण्याच्या वेळा यांवर व्याख्याने दिली. त्यांच्या मांडणीतून लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली. तो विषय वजनाचा आणि मधुमेहाचा. त्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण त्यामुळे ‘इन्शुलिन’ हा शब्द सोयाबीनच्या भावाइतका ओळखीचा झाला, आणि सुटलेले पोट कमी करण्याची युक्ती वाळत चाललेल्या माणसाला लावण्यात काही विसंगती आहे, हे कोणाला जाणवेनासे झाले. आम्हालाही जाणवले नाही.

‘उपाशी मारा’ या घोषणेमागे एक खरे संशोधन आहे. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवले की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरतात आणि त्याचे आंबवणे चालू ठेवतात. आजचे पेट स्कॅन याच गुणधर्मावर चालते. किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते कुठे जास्त गोळा होते ते पाहतात. असल्या पत्रकांत वारबुर्गचे नाव हमखास असते आणि ते खोटे नसते. खोटा असतो तो पुढचा ‘म्हणून’. पेशी साखर खातात, म्हणून भाकर सोडा. या ‘म्हणून’मध्ये संपूर्ण शरीर वगळले गेले आहे. आपण साखर खाल्ली नाही म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती तयार करते, आणि बाहेरून अन्न कमी पडले तर त्यासाठी स्नायूंमधली प्रथिने मोडते. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो. झिजतात ती मांडी आणि दंड.

कर्करोगात माणूस तसाही झिजतो. रुग्णांच्या पोषणासंबंधी युरोपातील तज्ज्ञसंस्थेची जी मार्गदर्शिका आहे, ती दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने सांगते. कुपोषणाचा धोका असलेल्यांना खाणे तोडणारे आहार देऊ नयेत, असेही ती म्हणते. दादा त्या वेळी ५४ किलोचा होता. म्हणजे किमान साडेतेराशे कॅलरी. भिंतीवरच्या कागदाचा हिशेब मी वहीत मांडला, तो काही केल्या नऊशेच्या वर जाईना. त्यातलेही निम्मे बदाम, जे त्याला चावता येत नव्हते. एका बऱ्यापैकी भाकरीत सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी असतात. दोन भाकरी आणि डाळ, एवढेच अंतर होते.

माझ्या संग्रहात या विषयावरची जी पुस्तके आहेत, ती शेजारी शेजारी ठेवली तर गंमत दिसते. मॅक्स गेर्सन हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉक्टर. त्यांचे कर्करोगाच्या पन्नास रुग्णांवरचे पुस्तक १९५८ चे. त्यांच्या पद्धतीत दिवसभर ताज्या रसांचे पेल्यामागून पेले, गाजर आणि सफरचंद भरपूर. म्हणजे साखरच साखर! योहाना बुडविग याही जर्मनच, त्यांचे औषध जवसाचे तेल आणि ताजे चीज. आणि आताचा कीटो आहार गाजराकडेही संशयाने पाहतो. ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पण तिन्हींच्या पाठीशी कृतज्ञ रुग्णांची पत्रे आहेत, तिन्हींत ‘डॉक्टरांनी आशा सोडली होती’ हे वाक्य या ना त्या रूपात येते. परस्परविरुद्ध उपायांना सारखेच यश मिळत असेल, तर ते यश उपायाचे नसून सांगण्याच्या साच्याचे आहे, असे मला वाटते. (जवसाची चटणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात. तिला जर्मन प्रमाणपत्र मिळाल्याचा आनंद आहे, पण ती तोंडी लावायचीच वस्तू.)

त्या साच्यातले सर्वांत मोठे कौशल्य म्हणजे ‘मी’. बोलणारा नेहमी जगलेला असतो. जे गेले त्यांनी पुस्तिका लिहिली नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये, न पसरलेल्या आणि बरा होण्याजोग्या कर्करोगात रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना रूढ उपचार घेतलेल्यांशी केली. पर्यायी गटात मृत्यूचा धोका अडीचपट होता. हे २८१ जण कुठल्याच पत्रकात बोलत नाहीत.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की मी निसर्गोपचाराच्या विरोधात आहे. वर्धा जिल्ह्यात जन्मून ते शक्य नाही. पुलगावमार्गे वर्ध्याला आणि पुढे सेवाग्रामला मी लहानपणापासून जातो आहे. बापूकुटीजवळ माती, पाणी आणि उपास यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. आणि या वाङ्मयप्रकारातला सर्वांत चांगला मजकूर सेवाग्रामच्याच माणसाने लिहिला आहे. ‘आरोग्यनी चावी’ ही गांधीजींची छोटी गुजराती पुस्तिका आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत, १९४२ च्या ऑगस्ट ते डिसेंबरात लिहिली गेली. तिचे भिंतीवरच्या कागदाशी वरवरचे साम्य पुष्कळ आहे. दोन्हींत माती-पाणी-उन्हावर विश्वास, दोन्हींत जिभेवर अविश्वास. म्हणूनच फरक पाहण्याजोगा.

गांधीजी बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार औंसांत मोजून देतात. दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन, इतर भाज्या पाच, कच्ची भाजी एक, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. म्हणजे सुमारे १७० ग्रॅम धान्य आणि चाळीस-बेचाळीस ग्रॅम गूळ. अस्वादाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या ताटातही धान्य आहे, गूळ आहे. फळे रुचीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. ‘ऐपत’ हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. वहिनीच्या कागदातले बदाम आणि व्हिनेगर यांना ऐपत ठाऊक नव्हती. महिन्याला किराण्याचे बिल जवळपास दुप्पट झाले. शिवाय गांधीजींच्या पुस्तिकेत तंबाखूवर स्वतंत्र प्रकरण आहे.

पण खरा फरक मातीच्या प्रकरणात सापडतो. टायफॉइडच्या रुग्णांना त्यांनी पोटावर मातीची पट्टी ठेवली. त्यांचे म्हणणे असे, की ताप आपली मुदत घेऊनच उतरतो, मातीने रुग्णाची तगमग मात्र कमी होते. विंचवाच्या बाबतीत माती सगळ्यांनाच उपयोगी पडली असे नाही, हेही ते नोंदवतात. रोग जाणे वेगळे आणि रुग्णाला बरे वाटणे वेगळे, ही रेघ त्यांनी स्वतःच्या लाडक्या उपचारातही ओढली. ‘हिंद स्वराज’मध्ये १९०९ साली डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर कोरडे ओढणाऱ्या याच माणसाने १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून अपेंडिक्सचे ऑपरेशन करून घेतले, आणि ती गोष्ट झाकली नाही. ज्या सुशीला नय्यर आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासोबत होत्या आणि ज्यांनी या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर केले, त्यांनीच १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. माती आणि शस्त्रक्रिया यांचे भांडण सेवाग्रामात कधीच मिटले आहे. आपण ते पुन्हा उकरून काढतो आहोत.

मराठीत ही रेघ पुसट होण्याचे एक कारण आपल्या भाषेतही आहे. आपण म्हणतो, ‘गुण आला.’ या दोन शब्दांत ताप उतरणे, वेदना कमी होणे, भूक लागणे, झोप येणे, गाठ विरघळणे आणि मनाला धीर येणे हे सगळे मावते. ‘गुण’ कोणाचा, औषधाचा की हाताचा, हेही सांगावे लागत नाही. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतोच. रोजच्या व्यवहाराला हा शब्द सुंदर आहे. कर्करोगात तो घातक ठरू शकतो. गव्हांकुराचा रस घेऊन आठवड्यात दादाला ‘हलके’ वाटले, तेव्हा वहिनी म्हणाली गुण आला. तिचे खोटे नव्हते. पण हलके वाटले ते खाणे निम्म्यावर आल्यामुळे. योगासने, प्राणायाम, भजन, ठरल्या वेळी चालणे यांनी गुण येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. टाटा रुग्णालयानेही स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांमध्ये योगाची रीतसर चाचणी घेतली, पण ती शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्या जोडीला. पथ्याच्या मजकुराला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा: बाबा रे, तू कोणता गुण म्हणतोस?

वर्धा नदीपलीकडे मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतला चौदावा अध्याय ग्राम-आरोग्याचा. आहार, स्वच्छता, नियमित वागणूक ही सगळी त्यात आहेत, पण त्यातले आरोग्य गावाने मिळून राखायचे आहे. तो एकट्या रोग्याचा हिशेब नाही. हे सांगणारा, संयमाने जगलेला हा माणूस ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेला. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. महाराजांचे कोणते पथ्य चुकले, असे आजवर कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. विचारणाऱ्याला लोकांनी उभे केले नसते. दादाला मात्र हाच प्रश्न रोज विचारला जात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण भिंतीवरचा कागद वाचायचा आणि म्हणायचा, “सांभाळता ना बरोबर? कालच्या तेरवीत जिलेबी तर नाही ना खाल्ली?” सुझन सोंटॅग यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात लिहिले, की आजाराला रूपक केले की आजारी माणूस आरोपी होतो. त्या स्वतः कर्करोगातून गेल्या होत्या, पण पुस्तकात तसे म्हणत नाहीत. मला ते पुस्तक फार वर्षांपूर्वी आवडले होते. समजले मात्र या वर्षी, ओसरीवर बसून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दादाचे वजन ४७ भरले. डॉक्टरांनी किरणोपचार मध्येच थांबवावे लागतील का याचा विचार चालू असल्याचे सांगितले, आणि नाकातून नळी घालण्याबद्दल बोलले. आहाराचा सल्ला देणाऱ्या ताईंनी विचारले, “काय खाता?” वहिनी खाली पाहत राहिली. मग मी खिशातून कागद काढला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या.

इथे एक तक्रार नोंदवली पाहिजे. ऑपरेशननंतर मिळालेल्या सुटीच्या कार्डावर, रुग्णालयाचे नाव सांगत नाही, खाण्याबद्दल इंग्रजीत एकच ओळ होती: सॉफ्ट, हाय प्रोटीन डाएट. बाकी तारखा आणि गोळ्या. वहिनीने ते कार्ड कपाटात ठेवले, कारण त्यात तिच्यासाठी काही नव्हते. नवऱ्याचे आयुष्य टांगणीला लागलेल्या बाईला वाट पाहण्यापलीकडे काही काम न देणारा तो मजकूर होता. आणि दुसरीकडे एकवीस ओळींचे, मराठीतले, पहाटे पाचपासून रात्रीपर्यंतचे वेळापत्रक. ते तिच्याशी बोलत होते. तिला हळद किसायला लावत होते, रस गाळायला लावत होते. त्यात तिच्या प्रेमाला करायला काही होते. वाङ्मय म्हणून पाहिले तर चुकीचा कागद बरोबर कागदापेक्षा कितीतरी सरस होता, आणि म्हणूनच जिंकला. खोट्या पत्रकांना नुसती निवेदने काढून उत्तर देता येणार नाही असे मला वाटते, मग त्यांवर २६२ सह्या असोत की दोन हजार. औंसांत मोजणारा, ऐपतीचे भान असलेला, कोणता गुण येईल आणि कोणता येणार नाही हे सांगणारा मजकूर आपल्या बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहावा लागेल. हे काम डॉक्टरांइतकेच लिहिणाऱ्यांचेही आहे.

त्या ताईंनी पालथ्या बाजूवर लिहिले ते असे: ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, दुधात. दर दोन तासांनी वाटीभर. मुगाचे वरण, तूप घालून. अंडे चालत असेल तर उकडून, कुस्करून. केळे. दाण्याचे कूट ताकात. लिंबू नको, हळद फोडणीपुरती. वाचताना दादा मध्येच म्हणाला, “म्हणजे भाकर चालते मले?” त्या म्हणाल्या, “गिळता येईल तशी करून. दुधात भिजवून खा.”

वहिनीने कागद घरी आणून पुन्हा त्याच खिळ्याला लावला, उलटा करून. किरणोपचार पुरे झाले. दादाचे वजन आता एक्कावन्नवर आहे, दर दोन महिन्यांनी तपासणी असते, पुढचे कोणी सांगत नाही. खर्रा सुटला आहे; पानठेल्यावरून जाताना तो रस्ता बदलतो. गेल्या आठवड्यात वहिनीने विचारले, दिवाळीला अनारसे करू का, याच्या दाताला लागतील. दादा म्हणाला, “कर. दुधात बुडवून पाहीन.”